डेव्हज रिडिस्ट्रिक्टिंग: मोजणीची साखळी आपल्या हातात

रिव्ह्यू मोठा होणार आहे, कारण या वेबसाइटला नुसते स्टार देऊन मोकळं होणं मला जमणार नाही. आमच्या डायनिंग टेबलवर तीन-चार आठवडे रोज रात्री हीच उघडी असायची, आणि ज्या राज्यात मी चौदा वर्षं राहतेय त्याचा कारभार कसा चालतो ते मला त्या तीन-चार आठवड्यांत कळलं.

वेबसाइटचं नाव डेव्हज रिडिस्ट्रिक्टिंग. डेव्ह ब्रॅडली नावाच्या एका सॉफ्टवेअरवाल्या माणसाने ती सुरू केली, म्हणून हे नाव. पैसे लागत नाहीत, इन्स्टॉल काही करायचं नाही, ब्राउझरमध्ये उघडते. अमेरिकेतलं कुठलंही राज्य निवडायचं आणि त्याचे मतदारसंघ आपण स्वतः आखायचे, एवढंच. जनगणनेची लोकसंख्या आत भरलेली आहे, मागच्या निवडणुकांचे आकडे भरलेले आहेत, तुम्ही माऊसने रंग भरत गेलात की बाजूला सगळी बेरीज आपोआप होत जाते. जे काम करायला पूर्वी राजकीय पक्ष खास माणूस नेमायचे आणि महागडं सॉफ्टवेअर घ्यायचे ते काम आज शाळेतला पोरगा घरी बसून करू शकतो.

आम्ही नॉर्थ कॅरोलिनात राहतो, रॅली या राज्याच्या राजधानीजवळ मॉरिसव्हिलला. इथे जवळपास निम्मी वस्ती आशियाई आहे, मराठी घरं तर भरपूर, गणपतीला हॉल पुरत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सासरे कराडहून आलेले होते, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्याच दिवसांत आमच्या राज्याच्या विधिमंडळाने काँग्रेसच्या मतदारसंघांचा नकाशा पुन्हा बदलला. काँग्रेस म्हणजे इथली लोकसभा समजा, आमच्या राज्याच्या वाट्याला १४ जागा आहेत. २०२३ मध्ये आखलेल्या नकाशावर २०२४ ला रिपब्लिकन १० आणि डेमोक्रॅट ४ निवडून आले होते, आणि आता त्या चारातली एक, म्हणजे ईशान्येकडचा पहिला मतदारसंघ, तोही आपल्याकडे यावा म्हणून हद्दी हलवल्या. हे मी माझ्या मनाने म्हणत नाहीये, नकाशा मांडणाऱ्यांनीच सभागृहात उघडपणे सांगितलं की अजून एक रिपब्लिकन जागा मिळवायला हे करतोय. त्या मतदारसंघातून १९९२ पासून सलग कृष्णवर्णीय प्रतिनिधी निवडून येतोय, हेही लक्षात ठेवा.

मुलगा अकरावीला आहे. तो म्हणाला, आई जनगणना तर २०२० ला झाली, नकाशा एकदा झाला, मग मध्येच परत का? आणि मला नीट सांगताच येईना. दर दोन वर्षांनी मत देते मी, पण हद्दी कोण आखतं, कधी आखतं, कशाच्या आधारावर, हा प्रश्न कधी डोक्यातच आला नव्हता. त्याच्या शिक्षिकेने वर्गात ही वेबसाइट दाखवली होती, त्याने रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडला आणि आम्ही तिघं बसलो.

अण्णांबद्दल दोन वाक्यं सांगायला हवीत. ते भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते, पस्तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या. सुरुवातीला ३३ फुटी साखळी आणि प्लेन टेबल घेऊन, शेवटी शेवटी मशिनवर. त्यांना इंग्रजी बेताचं येतं पण नकाशा दिसला की भाषा लागत नाही. स्क्रीनवर रंगीत तुकडे दिसल्यावर ते खुर्ची पुढे ओढून बसले आणि पहिला प्रश्न विचारला, एका तुकड्यात माणसं किती घालायची?

तर वेबसाइट तेच आधी सांगते. नॉर्थ कॅरोलिनाची २०२० ची लोकसंख्या १ कोटी ४ लाख ३९ हजार ३८८, भागिले १४, म्हणजे एका मतदारसंघात साधारण ७ लाख ४५ हजार ६७० माणसं. तुम्ही एक रंग निवडता, ब्रश फिरवता, आणि प्रत्येक प्रीसिंक्ट, म्हणजे मतदान केंद्राचा भाग, त्या रंगात गेला की आकडा वाढतो आणि अजून किती हवेत ते दिसतं. अख्खी काउंटी, म्हणजे आपल्या तालुक्यासारखा भाग, एका क्लिकमध्ये घेता येते, किंवा पार गल्लीपर्यंत खाली जाता येतं. राज्यात काउंट्या १०० आणि प्रीसिंक्ट अडीच हजारांच्या वर, त्यामुळे पहिल्या रात्री मान दुखते हे खरं, पण दुसऱ्या दिवसापासून हात बसतो. मोठा स्क्रीन आणि माऊस घ्या, फोनवर करायचं हे काम नाही.

पहिला नकाशा अण्णांनी सांगितला तसा काढला. त्यांचा नियम एकच, तालुका फोडायचा नाही. काउंटीला ते तालुकाच म्हणत होते. आम्ही पश्चिमेच्या डोंगराकडून सुरुवात केली आणि काउंट्या जोडत जोडत समुद्राकडे आलो. सगळ्या अखंड ठेवता येत नाहीत, आमचीच वेक काउंटी ११ लाख २९ हजारांची आहे, म्हणजे एकटीतच दीड मतदारसंघ, शार्लटची मेक्लेनबर्ग तशीच. तरी बाकी बऱ्याचशा शाबूत राहिल्या. मग मागच्या निवडणुकांचा डेटा लावून बघितला तर सात-सातच्या आसपास, दोन-तीन जागा अगदी काठावर. मतंही राज्यात साधारण अशीच पडतात. २०२४ मध्ये इथे राष्ट्राध्यक्षपदाला ट्रम्प यांना तीनेक टक्क्यांची आघाडी आणि त्याच दिवशी गव्हर्नरपदाला डेमोक्रॅट जॉश स्टाईन यांना जवळपास १५ टक्क्यांची, म्हणजे लोक इकडेही देतात तिकडेही देतात, उमेदवार बघतात.

दुसऱ्या रात्री मुलगा म्हणाला आता ११-३ करून बघू. आणि इथे ही वेबसाइट खरी काय आहे ते कळलं. त्याला एक संध्याकाळ पुरली, फक्त एक. युक्त्या दोनच आहेत, पॅकिंग आणि क्रॅकिंग. पॅकिंग म्हणजे समोरच्या पक्षाचे मतदार दोन-तीन मतदारसंघांत ठासून भरायचे, तिथे त्यांना ७०-७५ टक्के मिळू देत, जिंकून जिंकून किती जिंकतील, तीन जागा. क्रॅकिंग म्हणजे उरलेल्यांचे तुकडे करून आजूबाजूच्या गावाकडच्या मतदारसंघांत वाटून टाकायचे की कुठेच बहुमत होऊ नये. रॅली, डरहॅम, शार्लट ठासून भरली. ग्रीन्सबरो फोडलं. तुम्ही रंग भरत असता आणि बाजूला टक्केवारी हलत असते, ५२ ची ५४ होते, ५४ ची ५६ होते, एक प्रीसिंक्ट इकडून काढ आणि तिकडे लाव, झाली सीट पक्की.

अण्णा मागे बसून बघत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरी, हा बांध कोरलाय की."

ज्यांनी गावाकडची शेती बघितलीय त्यांना हे लगेच कळेल. दोन शेतांमधला बांध, शेजारी दरवर्षी नांगरताना एक फाळ जास्त घालतो, वीतभर माती इकडे येते, एका वर्षात कुणाला दिसत नाही, दहा वर्षांनी पाच गुंठे गेलेले असतात. मग मोजणी आणावी लागते. अण्णांचं म्हणणं, मोजणीला माणूस तिऱ्हाईत हवा, लगतच्या शेतकऱ्यांना आधी नोटीस गेली पाहिजे, सगळ्यांच्या समोर साखळी टाकली पाहिजे. आमच्या भावकीच्या जमिनीची मोजणी मी एकदाही केली नाही, दुसऱ्याला पाठवलं, असं ते म्हणाले. आणि मग त्यांनी विचारलं की इथे साखळी कुणाच्या हातात असते?

मी सांगितलं, ज्याचं शेत त्याच्याच.

हे जरा उलगडून सांगते कारण आपल्या बऱ्याच लोकांना (मलाही) हे माहीत नसतं. अमेरिकेच्या राज्यघटनेत काँग्रेसच्या निवडणुकांची वेळ, जागा आणि पद्धत ठरवायचं काम आधी त्या त्या राज्याच्या विधिमंडळाला दिलंय, वरून काँग्रेस ते बदलू शकते. आमच्याकडे विधिमंडळ म्हणजे रॅलीत जोन्स स्ट्रीटवर बसणारे १२० आणि ५०, म्हणजे १७० लोक, दर दोन वर्षांनी निवडून येणारे. हे १७० लोक काँग्रेसच्या १४ जागांच्या हद्दी आखतात आणि स्वतःच्या १७० जागांच्या हद्दीही स्वतःच आखतात. नॉर्थ कॅरोलिनाच्या गव्हर्नरला नकाशावर व्हेटो नाही. इतर कायदा तो अडवू शकतो, हा नाही, हद्दीचं विधेयक त्याच्या टेबलावर जातच नाही. आणि काही राज्यांत नागरिक सह्या गोळा करून एखादा प्रश्न थेट मतदानाला टाकू शकतात तशी सोय आमच्या राज्यात नाही, घटनेत बदल करायचा तरी विधिमंडळानेच तो मतदानाला ठेवायचा. म्हणजे कुलूप त्यांचं, किल्ली त्यांची आणि किल्ली काढून घ्यायची तर अर्जही त्यांच्याकडेच.

मिशिगनमध्ये ती सह्यांची सोय आहे म्हणून तिथे वेगळं घडलं. केटी फेही नावाच्या एका तरुणीने २०१६ मध्ये फेसबुकवर साधी पोस्ट टाकली की मला जेरीमँडरिंगवर, म्हणजे आपल्या फायद्यासाठी हद्दी आखण्याच्या प्रकारावर, काम करायचंय, कुणाला यायचंय का, आणि त्यातून स्वयंसेवकांचं असं जाळं उभं राहिलं की २०१८ ला प्रस्ताव मंजूर झाला. आता तिथे १३ नागरिकांचा आयोग हद्दी आखतो, ४ डेमोक्रॅट, ४ रिपब्लिकन आणि ५ कुठल्याच पक्षाचे नसलेले. अ‍ॅरिझोनात तर २००० सालापासून आयोग आहे, तिथलं विधिमंडळ त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०१५ मध्ये ५ विरुद्ध ४ ने हरलं. मी मिशिगनच्या नकाशावर आणि आमच्या नकाशावर एकेक संध्याकाळ घालवली, वेबसाइटवर सगळ्या राज्यांचे अधिकृत नकाशे तयार मिळतात, आपल्या खात्यात कॉपी करून हवे तसे हलवून बघता येतात. शिकायला ही सर्वांत चांगली पद्धत. आधी अधिकृत नकाशा घ्या आणि हद्द जिथे उगाच वळलीय तिथे झूम करा, ती का वळली ते मतांचा थर लावला की दिसतं.

अशीच आम्ही आमची २०२३ ची हद्द बघितली. १३ नंबरचा मतदारसंघ रॅलीला वळसा घालून जातो, घोड्याच्या नालेसारखा. ग्रीन्सबरोची गिलफर्ड काउंटी तीन मतदारसंघांत वाटलीय, आणि त्यातल्या सहाव्या मतदारसंघात २०२४ ला डेमोक्रॅटिक पक्षाने उमेदवारच दिला नाही. विचार करा, ग्रीन्सबरोसारखं मोठं शहर आणि तिथल्या लोकांच्या मतपत्रिकेवर दोन मोठ्या पक्षांपैकी एकाचं नावच नाही. पश्चिमेकडच्या १४ नंबरमधून कोण निवडून आलं? टिम मूर, जे हा नकाशा मंजूर झाला तेव्हा विधिमंडळाच्या खालच्या सभागृहाचे स्पीकर होते. अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

ग्रीन्सबरोचं अजून एक सांगायलाच हवं. तिथे नॉर्थ कॅरोलिना ए अँड टी नावाचं विद्यापीठ आहे, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचं जुनं आणि मोठं विद्यापीठ. २०१६ च्या नकाशात मतदारसंघाची हद्द त्या कॅम्पसच्या मधोमध असलेल्या रस्त्यावरून नेली होती, रस्त्याच्या या बाजूचं हॉस्टेल एका मतदारसंघात, त्या बाजूचं दुसऱ्या. मी तो नकाशा वेबसाइटवर तो रस्ता शोधून बघितला आणि खरं सांगते मला राग आला. आकड्यांमध्ये हे सगळं थंड वाटतं, पण वर्गातून हॉस्टेलला जाताना मुलांचा प्रतिनिधी बदलतो हे डोळ्यांनी बघितल्यावर तसं वाटत नाही. पुढे २०१९ मध्ये राज्याच्या कोर्टाने तो नकाशा वापरायला मनाई केल्यावर कॅम्पस एकत्र आलं.

तो २०१६ चा नकाशा का आला तेही बघा. २०१० ला रिपब्लिकनांनी शंभराहून जास्त वर्षांनी विधिमंडळाची दोन्ही सभागृहं जिंकली, २०११ ला नकाशा केला, २०१२ ला राज्यात काँग्रेससाठी डेमोक्रॅटांना निम्म्याहून किंचित जास्त मतं पडली आणि १३ पैकी ४ जागा मिळाल्या. कोर्टाने त्या नकाशात वंशाच्या आधारावर हद्दी आखल्याचं म्हटल्यावर २०१६ ला नवा करावा लागला, तेव्हा नकाशाचं काम बघणारे आमदार डेव्हिड लुईस समितीत उघड म्हणाले की आपण १० रिपब्लिकन आणि ३ डेमोक्रॅट येतील असा नकाशा काढू, कारण ११-२ चा काढता येईल असं मला वाटत नाही. हे रेकॉर्डवर आहे. वंशावरून भेदभाव कोर्टात चालत नाही, पक्षावरून चालतो का, हा प्रश्न मग सुप्रीम कोर्टात गेला आणि २७ जून २०१९ ला ५ विरुद्ध ४ ने निकाल आला की पक्षहितासाठी केलेल्या आखणीत फेडरल कोर्ट पडणार नाही. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी निकाल लिहिला, एलेना केगन यांनी विरोधी मत लिहिलं. आमच्या राज्याच्या केसबरोबर मेरीलँडची केस जोडलेली होती, तिथे हेच काम डेमोक्रॅटांनी केलं होतं.

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहितेय. इलिनॉयमध्ये १७ पैकी १४ जागा डेमोक्रॅटांकडे आहेत, आणि तिथे २०२४ ला ट्रम्पना ४३ टक्क्यांच्या वर मतं होती. आमच्याच राज्यात डेमोक्रॅटांची सत्ता असताना नव्वदच्या दशकात १२ नंबरचा मतदारसंघ हायवेच्या कडेकडेने दोरीसारखा ओढला होता आणि तो १९९३ ला सुप्रीम कोर्टात गाजला. तेव्हा विरोधात असलेले रिपब्लिकन आयोग नेमा म्हणून विधेयकं आणायचे. सत्ता आल्यावर ती विधेयकं मागे पडली. म्हणून मी तिसऱ्या आठवड्यात माझ्या पक्षासाठी नकाशा काढून बघितला, ज्यांना मी मत देते त्यांच्यासाठी. १४ पैकी ९ आल्या. दहा मिनिटं बरं वाटलं. मग मी त्या नकाशात पूर्वेकडचं एक छोटं शेतीचं गाव बघितलं जे मी रॅलीच्या एका शेपटीला बांधून टाकलं होतं, तिथल्या लोकांचं म्हणणं आता कधीच कुणी ऐकणार नाही अशी सोय मी स्वतःच्या हाताने केली होती. तो नकाशा मी डिलीट केला. मुलाने विचारलं का, तर म्हटलं ते गाव बघ.

आता वेबसाइटच्या मार्कांबद्दल, कारण बरेच लोक इथे गोंधळतात. नकाशा पूर्ण झाला की पाच गोष्टींवर शंभरपैकी गुण मिळतात. मतांच्या प्रमाणात जागा मिळतात का, किती जागा चुरशीच्या आहेत, अल्पसंख्याकांना प्रतिनिधित्व मिळतं का, आकार आटोपशीर आहे का, आणि काउंट्या किती फुटल्या. सगळ्यांत चांगले गुण कुणालाच मिळत नाहीत हे समजून घ्या. अण्णांच्या नकाशाला काउंट्या न फोडल्याचे भरपूर गुण मिळाले पण चुरशीचे कमी पडले. चुरस वाढवायला गेलं की आकार वेडेवाकडे होतात, कारण लोक आजकाल आपल्यासारख्यांच्या शेजारी राहतात, शहरात एक पक्ष आणि गावाकडे दुसरा. म्हणजे वाकडी हद्द दिसली की चोरी आणि सरळ दिसली की न्याय, असं नाही. हे मला आधी माहीत नव्हतं. मी समजायचे की जेरीमँडरिंग म्हणजे विचित्र आकार, कारण नावच तसं पडलंय, १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या काळात एक मतदारसंघ असा आखला की तो सॅलमँडरसारखा दिसतो म्हणून पेपरात चित्र आलं आणि गेरी अधिक मँडर असा शब्द झाला. पण आजचे नकाशे दिसायला तेवढे वेडेवाकडे नसतात. आमचा २०२३ चा बघा, साधारण नीटनेटका वाटतो. कोरलेला बांध दुरून सरळच दिसतो, असं अण्णा म्हणाले.

गुण हे सुरुवात म्हणून घ्या, निकाल म्हणून घेऊ नका. वेबसाइटला मॉरिसव्हिलमधले प्रीसिंक्ट दिसतात, त्यांचे आकडे दिसतात, पण कुठल्या वस्तीतली मुलं एका शाळेत जातात, कुठली लोकं एकाच देवळात येतात, कोण कुठल्या रस्त्यासाठी टाऊन हॉलमध्ये भांडतं, हे तिला दिसू शकत नाही. ते आपल्याला माहीत असतं. म्हणून मला वाटतं हे काम स्थानिक माणसांनीच करून बघायला हवं.

गावाकडचंही थोडं बोलणं झालं, होणारच. अण्णांना वाटलं होतं की आपल्याकडे हे सगळं बरं आहे, कारण लोकसभा-विधानसभेच्या हद्दी परिसीमन आयोग आखतो, त्यावर सुप्रीम कोर्टाचे निवृत्त न्यायाधीश असतात, आणि आयोगाच्या आदेशाला कोर्टात सहसा आव्हान देता येत नाही. मग त्यांनीच आठवण काढली की २००८ च्या पुनर्रचनेत आमचा कराड लोकसभा मतदारसंघच गेला, साताऱ्यात जोडला. वाईट वाटलं होतं त्यांना, पण तो निर्णय कुणा आमदाराने आपली सीट वाचवायला घेतला असं त्यांना कधी वाटलं नाही, हा फरक मोठा आहे. महापालिकांचं मात्र वेगळं. प्रभाग रचना हा शब्द काढल्यावर ते म्हणाले तिथे आपलंही शेत कोरलेलंच आहे. चार सदस्यांचा प्रभाग, मग तीनचा, परत चारचा, मुंबईत २२७ चे २३६ आणि सरकार बदललं की परत २२७. मार्च २०२२ मध्ये तर प्रभाग रचनेचा अधिकारच राज्य निवडणूक आयोगाकडून काढून राज्य सरकारकडे घेणारा कायदा विधिमंडळाने केला, विरोधकांच्याही संमतीने. अण्णा म्हणाले, साखळी हातात घेतली एकदा की कुणी खाली ठेवत नाही.

आमच्या राज्यात अलीकडे एकदा काही काळ ती खाली ठेवली गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध ३ ने सांगितलं की असा पक्षपाती नकाशा राज्याच्या घटनेत बसत नाही, मग कोर्टाच्या देखरेखीखाली नकाशा झाला आणि त्या नोव्हेंबरमध्ये निकाल लागला ७-७. अण्णांच्या नकाशासारखाच, मला अंगावर काटा आला ते जुळलेलं बघून. पण इथे न्यायाधीशही निवडून येतात. त्याच नोव्हेंबरमध्ये कोर्टातलं बहुमत बदललं, ५ रिपब्लिकन २ डेमोक्रॅट, आणि एप्रिल २०२३ मध्ये त्याच कोर्टाने आपलाच निर्णय फिरवला. त्यानंतर दोन महिन्यांनी देशाच्या सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने सांगितलं की विधिमंडळं राज्याच्या घटनेच्या आणि कोर्टांच्या वर नाहीत, तत्त्व म्हणून फार मोठी गोष्ट, पण आमच्या कोर्टाने आधीच हात काढून घेतलेला असल्याने आमच्या नकाशाला त्याचा काही उपयोग झाला नाही. ऑक्टोबरमध्ये १०-४ वाला नकाशा आला आणि २०२५ मध्ये ११-३ वाला. त्याच वर्षी टेक्ससने पाच जागा वाढतील असा नकाशा केला, उत्तर म्हणून कॅलिफोर्नियात नोव्हेंबरमध्ये लोकांनी मतदान करून स्वतःच्याच आयोगाचा नकाशा काही वर्षांपुरता बाजूला ठेवला. तो निकाल आला त्या रात्री मी खूश व्हायला हवं होतं, माझ्या पक्षाचा फायदा होता. झाले नाही. ते छोटं गाव डोळ्यासमोर येत होतं.

आमच्या मराठी ग्रुपमध्ये राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीवर रात्र रात्र वाद होतात, पण आपला स्टेट हाऊसचा आमदार कोण हे मी विचारलं तर अकरा जणांमधून एकाने सांगितलं. स्टेट सिनेटचा कुणालाच नाही. मतपत्रिकेवर ती नावं खाली असतात, लोक तिथपर्यंत येईतो कंटाळतात, राज्याच्या सुप्रीम कोर्टाची नावं तर अजून खाली. मीही मागच्या दोन वेळा नावं न वाचता पक्ष बघून खूण केली होती. आणि साखळी नेमकी त्या खालच्या नावांच्या हातात आहे. म्हणून या वेबसाइटवर स्टेट हाऊसचा १२० जागांचा नकाशाही उघडा, आपलं घर शोधा, आणि हद्द आपल्या सबडिव्हिजनच्या कुठल्या बाजूने जाते ते बघा. तासभर लागेल.

कुणी वापरावी? हायस्कूलची मुलं असतील तर नक्की, गणित, भूगोल आणि नागरिकशास्त्र एकाच जागी. आई-बाबा भारतातून आलेले असतील आणि थंडीत घरात बसून कंटाळले असतील तर त्यांनाही बसवा, त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. सेव्ह करायला खातं उघडावं लागतं, तेवढं करा, नाहीतर दोन तासांचं काम जाईल. आधी राज्य छोटं घ्या, आयोवा घ्या, चार जागा आहेत आणि काउंट्या चौकोनी, हात बसेल. मग आपलं राज्य घ्या. आणि एक नकाशा तरी समोरच्या पक्षासाठी काढा आणि एक आपल्या पक्षासाठी, दोन्ही.

माझ्याकडून पाच पैकी पाच.

अण्णा जानेवारीत परत गेले. जायच्या आधी त्यांनी त्यांच्या नकाशाची प्रिंट मागितली, मी लायब्ररीतून रंगीत काढून आणली. त्यांनी खाली पेनने तारीख घातली, मोजणी करणाराचं नाव म्हणून स्वतःची सही केली, आणि लगतचे कब्जेदार हजर होते असं लिहून मुलाला आणि मला सह्या करायला लावल्या. वेबसाइटवर तो नकाशा माझ्या खात्यात आहे, त्याला नाव दिलंय, मोजणीनंतर मिळणाऱ्या नकाशाला म्हणतात तेच, 'क प्रत'.